बोटाची नस परत येते, मग कण्याची का नाही?

कोकणात माडापायी डॉक्टरांकडे दोन तऱ्हेचे रुग्ण येतात. एकाच्या मनगटावर शहाळं फोडताना कोयती बसलेली असते. दुसरा निसरड्या माडावरून ३०-४० फूट खाली आलेला असतो. पहिल्याच्या हाताचा मज्जातंतू तुटलेला, दुसऱ्याच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू चिरडलेला. पहिल्याचा मज्जातंतू वेळेवर आणि नीट जोडला, तर काही महिन्यांनी बोटांना मुंग्या येऊ लागतात, मग हळूहळू गरम-गार कळायला लागतं. दुसऱ्याचा मज्जारज्जू पुरता तुटला असेल, तर पायांत फारसं काही परत येत नाही. अर्धांगात मेंदूचा जो भाग मरतो, तोही पुन्हा उगवत नाही.

तिन्ही ठिकाणी दुखावलेल्या पेशी एकाच कुळातल्या, चेतापेशी. मग एकीला जमतं ते दुसरीला का जमू नये? या प्रश्नाच्या उत्तराचा बराच मोठा भाग त्या पेशींच्या शेजारपाजारात आहे. आजूबाजूच्या पेशी चेतापेशीला काही प्रथिनं पुरवतात, किंवा पुरवत नाहीत. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात.

नाव ऐकून टॉनिक वाटतं, आणि विकणारे ते तसंच विकतात. पण ग्रोथ फॅक्टर हे पेशीचं खाद्य नाही. एका पेशीनं सोडलेलं हे प्रथिन दुसरीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतं आणि त्यातून आत निरोप पोचतो: जग, वाढ, फांदी फोड, दोन हो, अमुक प्रकारची पेशी बन. मात्रा अगदी नगण्य असते. विकासाच्या काळात हा निरोप आला नाही तर अन्न भरपूर असूनही चेतापेशी जगत नाही. ती स्वतःलाच शिस्तीत मोडीत काढते.

आधी हाताचं बघू. बोटाच्या टोकाला जे जाणवतं ते वाहून नेणाऱ्या पेशीचं मूळ शरीर बोटात नसतं, मानेच्या मणक्यांजवळ असतं. तिथून तिचा एक धागा थेट बोटापर्यंत येतो. मनगटावर घाव बसला की घावापलीकडचा धागा मरतो, अलीकडचा जिवंत राहतो. मग धाग्याभोवती गुंडाळलेल्या श्वान पेशी कामाला लागतात. (थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून.) त्या आपलं नेहमीचं, वेष्टनाचं काम सोडून देतात, मेलेल्या धाग्याचा कचरा उपसतात, रांगेत उभ्या राहून रस्ता आखतात आणि एनजीएफ, बीडीएनएफ, जीडीएनएफ असे ग्रोथ फॅक्टर सोडू लागतात. अलीकडचं तुटकं टोक त्या दिशेनं वाढायला लागतं. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर.

घाव घालून आलेला माणूस टाके पडायच्या आधीच विचारतो, "डॉक्टर, बोटात जाणीव येतली काय?" त्याला उत्तर देताना हाच हिशोब उपयोगी पडतो. मनगटापासून बोटाचं टोक पंधरा-सतरा सेंटिमीटर. सुरुवातीचे काही आठवडे वाढ सुरू व्हायलाच जातात. म्हणजे सहा महिने तरी धरावेत. धागा कुठवर आला हे बाहेरून कळतंही. मज्जातंतूच्या वाटेवर बोटानं हलकेच टकटक केली की जिथे वाढतं टोक असतं तिथे झिणझिण्या उठतात, आणि महिन्यागणिक ती जागा पुढे सरकते. १९१५ साली हॉफमन आणि टिनेल या दोघांनी, एकानं जर्मनीत आणि एकानं फ्रान्समध्ये, ही खूण स्वतंत्रपणे नोंदवली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे ती फार वेळा राहून जाते. श्वान पेशींचा हा उत्साह कायम टिकत नाही. काही महिने वाट पाहूनही धागा आला नाही तर ग्रोथ फॅक्टर ओसरतात, आणि वर्ष-दीड वर्ष निरोपावाचून राहिलेला स्नायू कामातून जातो. म्हणून हातावर खोल जखम झाली तर नुसती कातडी शिवून घरी येऊ नये. बोटं बधिर आहेत का, अंगठा वळतो का, हे टाक्यांच्या आधी कुणीतरी तपासलं पाहिजे.

हे ग्रोथ फॅक्टर आहेत हे कळलं कसं, ती कथा इटलीतल्या तुरिनमधून सुरू होते. रिता लेव्ही-मोंताल्चिनी डॉक्टर झाली, आणि १९३८ साली मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठांची दारं बंद केली. तिनं घरी झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणकामाच्या सुया घासून हत्यारं केली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम सुरू ठेवलं. बाँबहल्ल्यांमुळे खेड्यात जावं लागलं तेव्हाही अंडी मिळवून प्रयोग चालूच राहिले. प्रयोग उरकले की उरलेली अंडी घरात खाल्ली जात.

तिच्यासमोरचा प्रश्न व्हिक्टर हॅम्बर्गर या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून आलेला होता. कोंबडीच्या गर्भातला पायाचा कोंब काढून टाकला, तर त्या पायाकडे जाणाऱ्या चेतापेशी फार थोड्या उरतात. जादा पाय जोडला तर जास्त उरतात. लेव्ही-मोंताल्चिनीनं दाखवलं की कोंब काढल्यावरही पेशी आधी बनतात, पायाच्या दिशेनं वाढतात आणि नंतर मरतात. जिकडे जायचं तिथे त्यांना जगवणारं काही नसतं म्हणून.

हे धडधाकट गर्भातही होतं. मज्जासंस्थेच्या बऱ्याच भागांत गरजेपेक्षा जवळजवळ दुप्पट चेतापेशी तयार होतात आणि त्यांतल्या निम्म्या जन्माआधी किंवा जन्माच्या आसपास मरून जातात. बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. हापूसला मोहोर येतो, कणी धरते, आणि तिच्यातली बहुतेक गळून जाते. झाडाला पोसवेल तेवढंच फळ राहतं. मेंदूत फक्त दिशा उलटी. इथे फळ झाडाला पोसतं. स्नायू किंवा कातडी मोजकाच ग्रोथ फॅक्टर सोडते, अनेक धागे तिथे पोचतात, ज्यांना तो मिळतो ते जगतात. धाग्याच्या टोकाला उचललेला निरोप आतल्या आत उलट प्रवास करून पेशीच्या मूळ शरीरापर्यंत जातो. पायाच्या अंगठ्यापासून कमरेपर्यंतचा हा प्रवास मोठ्या माणसात सुमारे मीटरभराचा आहे. स्नायू आणि चेतापेशी यांची संख्या एकमेकांना जुळते ती अशी, कुणी आधी मोजून न ठेवता.

युद्धानंतर हॅम्बर्गरनं तिला अमेरिकेत सेंट लुईसला बोलावलं. तिथे कळलं की उंदराच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भाला लावला तर चेतापेशींचे धागे त्यात वेड्यासारखे घुसतात. ती गाठ काहीतरी पाझरते आहे, असा लेव्ही-मोंताल्चिनीचा अंदाज होता. १९५२ साली ती गाठ असलेले उंदीर बरोबर घेऊन विमानानं रिओ दि जानेरोला गेली, कारण पेशी काचेत वाढवायचं तंत्र तिथल्या मैत्रिणीकडे होतं. काचेवर गाठीच्या शेजारी चेतापेशींचा पुंजका ठेवला, आणि दिवसाभरात त्यातून चहूबाजूंनी धागे फुटले, सूर्याभोवती खळं पडावं तसे. दोघांचा स्पर्शही झालेला नव्हता.

ते रसायन वेगळं काढायला स्टॅन्ले कोहेन हा जीवरसायनशास्त्रज्ञ आला. आणि इथे आपल्या ओळखीचं पात्र येतं, साप. गाठीच्या अर्कात न्यूक्लिक ॲसिड (डीएनए, आरएनए ज्या प्रकारचे रेणू ते) मिसळलेलं होतं. खरं काम प्रथिनाचं की न्यूक्लिक ॲसिडचं, हे ठरवायला कोहेननं त्यात सापाचं विष घातलं, कारण विषातलं एक एन्झाइम न्यूक्लिक ॲसिड तोडतं. परिणाम कमी झाला असता किंवा तसाच राहिला असता. तो प्रचंड वाढला. विषातच ते प्रथिन गाठीपेक्षा कितीतरी जास्त होतं. विषाची ग्रंथी म्हणजे बदललेली लाळग्रंथी, म्हणून त्यानं उंदराची लाळग्रंथी तपासली. तिथेही भरपूर सापडलं. हाच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. आपल्या नागाच्या आणि घोणसाच्या विषातही तो असतो. (याचा अर्थ साप चावल्यावर नसा सुधारतात असा कुणी काढू नये. तिथून थेट दवाखाना गाठायचा, जिथे प्रतिविष आहे.)

कोहेनला त्याच लाळग्रंथीत आणखी एक प्रथिन मिळालं. नवजात उंदरांना ते टोचलं की त्यांचे डोळे आणि दात वेळेआधी उघडत-उगवत. तो एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. १९८६ साली दोघांना नोबेल मिळालं. लेव्ही-मोंताल्चिनी १०३ वर्षं जगली.

मग कुटुंब वाढत गेलं. १९८२ साली इव्ह-आलाँ बार्ड आणि हान्स थोएनेन यांनी डुकराच्या मेंदूतून बीडीएनएफ वेगळा काढला. पुढे एनटी-३ आला, १९९३ साली जीडीएनएफ आला, जो डोपामिन बनवणाऱ्या पेशींना जगवतो. प्रत्येकाची गिऱ्हाइकं ठरलेली. एनजीएफ मुख्यत्वे वेदना आणि तापमान जाणवणाऱ्या पेशींचा, तसाच घाम वगैरे सांभाळणाऱ्या सिंपथेटिक पेशींचा. त्याच्या रिसेप्टरचं जनुक बिघडलेली मुलं क्वचित जन्माला येतात. त्यांना वेदना कळत नाही आणि घाम येत नाही. जीभ चावली जाते, हाड मोडलं तरी मूल चालत राहतं, उन्हाळ्यात ताप चढतो. बुद्धीवरही अनेकदा परिणाम होतो. एक निरोप पोचला नाही, तर त्याची एवढी किंमत.

मेंदू घडायच्या अगदी सुरुवातीला दुसऱ्याच काही रेणूंचं राज्य असतं. गर्भ चार आठवड्यांचा होईतो मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतो ती नळी, मिटते. तिच्या पोटाकडून सोनिक हेजहॉग नावाचं प्रथिन पसरतं (नाव खरंच व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून दिलंय, शास्त्रज्ञांनाही पोरकटपणा सुचतो), पाठीकडून बीएमपी नावाची प्रथिनं. मधल्या पेशीला या दोन्हींपैकी कुणाची किती मात्रा लागली त्यावरून ती हालचालीची पेशी होणार की जाणिवेची, हे ठरतं. तेच प्रथिन, पण गाढ मात्रेत एक अर्थ आणि पातळ मात्रेत दुसरा. एफजीएफ गटातली प्रथिनं पेशींची संख्या वाढवतात, काही ठिकाणी मेंदूच्या भागांच्या सीमा आखतात.

जन्मानंतर बीडीएनएफ पुढे येतो, आणि त्याची खोड अशी की तो कामावर अवलंबून असतो. ज्या जोडण्या वापरात असतात तिथे तो सुटतो आणि त्या जोडण्या पक्क्या होतात. बाळाच्या दोन डोळ्यांकडून येणारे धागे मेंदूत आपापल्या पट्ट्या वाटून घेतात, ते अशाच चढाओढीनं. १९९५ साली मांजराच्या पिल्लांच्या मेंदूत बाहेरून जादा बीडीएनएफ सोडून पाहिला. पट्ट्या जास्त ठळक होतील असं वाटावं, पण त्या बनल्याच नाहीत. सगळ्यांनाच मिळालं, त्यामुळे चढाओढच संपली.

शेजार बदलून पाहिला तेव्हा

आता माडावरून पडलेल्या माणसाकडे येऊ. कण्यात श्वान पेशी नसतात. तिथे वेष्टनाचं काम ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी करतात, आणि त्या इजेनंतर मदतीला धावत नाहीत. उलट त्यांच्या वेष्टनात नोगोसारखी प्रथिनं असतात, जी वाढत्या टोकाला थांबवतात. कचरा महिनोन्‌महिने पडून राहतो. ॲस्ट्रोसाइट पेशी जखमेभोवती वण तयार करतात. त्यानं नुकसान पसरायचं थांबतं, पण वाटही अडते. पोषक ग्रोथ फॅक्टर तुटपुंजे.

म्हणजे पेशीत दम नाही की परिसर वाईट? १९८१ साली कॅनडात अल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी उंदरांवर हे तपासलं. पायाच्या मज्जातंतूचा तुकडा घेऊन त्याचा पूल एका टोकानं मेंदूच्या देठाला आणि दुसऱ्या टोकानं मज्जारज्जूला जोडला. ज्या पेशी स्वतःच्या जागी मिलिमीटरभरही हलत नव्हत्या त्यांचे धागे या पुलातून सुमारे तीन सेंटिमीटर वाढले. पूल संपून पुन्हा मज्जारज्जूत शिरायची वेळ आली की जेमतेम आत जाऊन थांबले. मला या सगळ्या विषयात याहून स्पष्ट प्रयोग दुसरा दिसत नाही.

पुढचा विचार उघड होता: परिसरात ग्रोथ फॅक्टरच ओतू. प्राण्यांच्या मज्जारज्जूत ग्रोथ फॅक्टर बनवणाऱ्या पेशी बसवल्या. धागे त्यांच्याकडे धावत आले, आणि तिथेच गुंता करून बसले. जिथे सर्वात जास्त मिळतंय ती जागा सोडून पुढे कशाला जायचं? पुढे पोचायचं तर पुढची मात्रा मागच्यापेक्षा चढती हवी. शिवाय जादा बीडीएनएफनं कण्यातल्या पेशी बिथरतात, स्नायू आखडतात, वेदना वाढू शकतात.

औषध म्हणून

माणसांवरच्या चाचण्यांचा इतिहास वाचला की हात आखडता घ्यावासा वाटतो. एएलएस या आजारात हालचालीच्या चेतापेशी मरत जातात. त्यांना बीडीएनएफ जगवतो हे प्राण्यांत दिसलं होतं. नव्वदच्या दशकात हजाराहून अधिक रुग्णांना तो कातडीखाली टोचला, आणि एकूण रुग्णांत फायदा दिसला नाही. सीएनटीएफ नावाचा दुसरा घटक दिला तर रुग्णांची भूक गेली आणि वजन उतरलं. त्यावरून पुढे कंपनीनं त्याच्याच एका रूपाचं वजन कमी करायचं औषध होतंय का, तेही पाहिलं! अल्झायमरच्या तीन रुग्णांच्या मेंदूतल्या पोकळीत स्वीडनमध्ये एनजीएफ सोडला, तेव्हा पाठदुखी आणि वजनघट इतकी झाली की थांबवावं लागलं. नंतर जनुक-उपचारानं मेंदूतच एनजीएफ बनवायचा प्रयत्न झाला. चाचणीत लाभ दिसला नाही, आणि मृत्यूनंतर मेंदू तपासले तेव्हा कळलं की तो ज्या पेशींसाठी होता त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. त्यासाठी जीडीएनएफ वापरायची कहाणी जास्त चटका लावणारी आहे. ब्रिस्टलमध्ये रुग्णांच्या मेंदूत नळ्या बसवून, कानामागच्या एका झडपेतून दर चार आठवड्यांनी औषध सोडलं. २०१९ साली निकाल आले. मेंदूच्या स्कॅनमध्ये डोपामिनच्या पेशी सुधारल्यासारख्या दिसत होत्या. पण औषधाविना नुसतं द्रावण सोडलेल्या गटाशी तुलना केली तर हालचालीत ठरवलेला फरक मिळाला नाही. काही रुग्ण आपल्याला बरं वाटत होतं, औषध चालू ठेवा, असं म्हणत राहिले.

अडचणी तीन आहेत, आणि त्यांत पहिली सर्वात हट्टी. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा आहे. ग्रोथ फॅक्टर ही मोठी प्रथिनं, ती शिरेतून दिली तरी मेंदूत जवळजवळ जात नाहीत. तोंडानं घेतली तर पोटात मासळीसारखी पचून जातात. दुसरी, पोचली तरी हवी त्या कोपऱ्यात थांबत नाहीत, नको तिथे वेदना किंवा आखडणं सुरू करतात. तिसरी, वाढीचे हेच निरोप अनियंत्रित झाले की कर्करोग होतो. एनजीएफच्या कुटुंबातले रिसेप्टर बिघडून सतत चालू राहिल्यामुळे होणाऱ्या गाठींवर २०१८ साली अमेरिकेत लॅरोट्रेक्टिनिब हे औषध मंजूर झालं. त्याचं काम तो निरोप बंद करणं.

एनजीएफ चालला तो डोळ्यात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या नसा गेल्या की तिथली जखम भरत नाही. त्यावर एनजीएफचे थेंब, सेनेजर्मिन, युरोपात २०१७ साली आणि अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले. पहारा नाही, जागा समोर, मात्रा थेंबाथेंबानं. म्हणून जमलं.

आता अर्धांगाच्या रुग्णाच्या घरी काय सांगायचं? रक्ताच्या गाठीनं झालेल्या झटक्यात गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सिंधुदुर्गातून गोव्यातलं बांबोळी, रत्नागिरीतून कोल्हापूर गाठायचं तर वेळ घाटात आणि हायवेवर जातो. म्हणून तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात पडला की तेल चोळत बसण्यात एक तासही घालवू नये. हे ग्रोथ फॅक्टरच्या लेखात का, तर मेलेल्या पेशी परत आणणारं त्यांच्यात अजून काही नाही, आणि मरायच्या आधी वाचवता येतात.

त्यानंतरची सुधारणा येते ती शेजारच्या जिवंत पेशींनी नव्या जोडण्या करून. त्यात मेंदूचा स्वतःचा बीडीएनएफ भाग घेतो, आणि तो वापरावर सुटतो. फिजिओथेरपिस्ट दुबळ्या हातानंच घास घ्यायला लावतो, तो छळ वाटला तरी त्यामागे हे आहे. चालण्याचंही तसंच. २०११ साली अमेरिकेत १२० वयस्कांवर एक अभ्यास झाला. वर्षभर नेमानं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, आठवणींशी संबंधित मेंदूचा भाग, सुमारे २ टक्के वाढलेला आढळला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा घटला. संध्याकाळी पुळणीवर चालायला पैसे पडत नाहीत. पण त्यावरून रक्तातला बीडीएनएफ मोजून घ्यायची गरज नाही. रक्तातला बराचसा प्लेटलेटमध्ये साठलेला असतो, त्यावरून मेंदूत काय चाललंय हे कळत नाही.

आणि विकायला येणाऱ्या गोष्टी. मोबाइलवर दिसणाऱ्या मशरूमच्या कॅप्सूल: काचेतल्या पेशींना एनजीएफ बनवायला लावणं वेगळं, अर्धांग झालेल्या आजोबांचा हात उचलला जाणं वेगळं. सेरेब्रोलायसिन हे डुकराच्या मेंदूपासून केलेलं इंजेक्शन आपल्याकडे झटक्यानंतर लिहून दिलं जातं, आणि त्यात ग्रोथ फॅक्टरसारखे तुकडे आहेत असं सांगतात. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यात, त्यानं मृत्यू टळतो असं दिसलं नाही, गंभीर दुष्परिणाम मात्र थोडे वाढलेले असू शकतात असं निघालं. घरच्यांनी डॉक्टरांना याबद्दल सरळ विचारावं. चांगला डॉक्टर रागावत नाही.

स्टेम सेलच्या जाहिरातीही "ग्रोथ फॅक्टर सोडून मेंदू दुरुस्त करतात" असंच म्हणतात. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर असा उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. तेव्हा कुणी मणक्यासाठी किंवा अर्धांगासाठी लाखांचं पॅकेज सांगितलं, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतला, म्हणजे सीटीआरआयचा, नोंदणी क्रमांक मागावा. नंबर नसेल तर बाग गहाण ठेवायचं कारण नाही.